दुसरी भीती सांगा

पहिल्याच भेटीत तिनं मला माझं वय विचारलं.

दुकानात गिऱ्हाइकं उभी, झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकलेला, आणि गोल चष्म्याची, कापडी टोपी घातलेली ही परदेशी बाई काउंटरवर दोन्ही हात ठेवून विचारते, "तुमचं वय किती हाय?" मी म्हटलं, "बाई, झेरॉक्स काढायला आलात का सोयरीक जमवायला?" ती काही हसली नाही. "सांगा की. त्याबिगर तुम्हाला काय म्हणायचं ते कसं कळंल?" मी रागारागानंच सांगितलं. तिनं मनात वजाबाकी केली आणि मान डोलावली. "म्हंजे तुमी आक्का." संपलं. त्या दिवसापासून मी तिची आक्का. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनंही कधी इतक्या हक्कानं हाक मारली नाही.

मिनजू तिचं नाव. शिरवळनं त्याचं मंजू केलं आणि पोरांनी मंजूताई. ती कोरियाची. नवरा हायवेपलीकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर, करारावर आलेला. अशा साहेबांच्या बायका पुण्यात राहतात, शिरवळला कोण राहतंय? ही राहिली. का, असं विचारलं तर म्हणाली, "पुण्यातली पोरं क्लासला जातात. मोकळी पोरं हितं हायत."

पोरं तिला लागायची, कारण ती पोरांसाठी लिहायची. तिच्या देशात तिची पुस्तकं शाळाशाळांत वाचतात, हे मला फार उशिरा कळलं, तेही तिच्या नवऱ्याकडून. ती स्वतः एवढंच सांगायची, "मी भुताचं लिहिती. कधी हेराचं. कधी चंद्रावरचं." लोक विचारायचे, मग मुलांनी यातून बोध काय घ्यायचा? त्यावर ती म्हणायची, "बोध मोठ्यांनी घ्यावा. पोरांनी मजा घ्यावी."

मराठी ती शिकली हौसाबाईकडून. हौसाबाई तिच्याकडे धुणीभांडी करायची आणि दिवसभर बोलायची. त्यामुळे बाई कोरियाची आणि बोली आमच्या खंडाळा तालुक्याची, असा सगळा थाट. मी सुरुवातीला सुधारायला गेले. म्हटलं, "मंजू, 'हाय' नाही, 'आहे' म्हणावं." ती म्हणाली, "हौसाबाई हाय म्हणती. तुमी आहे म्हणता. पोरं काय म्हणतात?" पोरं 'हाय'च म्हणत होती. "मग हाय," ती म्हणाली. त्यानंतर मी तो नाद सोडला.

एक गोष्ट मात्र तिची स्वतःची. ती पोरांना आवंजावं करायची. चौथीतल्या शेंबड्या पोरालाही, "आवं ओंकार, तुमी हिकडं बसा." पहिल्यांदा ओंकारनं मागं वळून पाहिलं, आपल्यामागं कोणी मोठं माणूस उभं आहे की काय म्हणून. बायका हसायच्या. ती ऐकून घ्यायची नाही. "आमच्याकडं पोरांच्या पुस्तकात लिहिणारा आदरानंच बोलतो. गोष्ट ऐकाया आला तो पाव्हणा. पाव्हण्याला काय अरेतुरे करता?" आणि खरं सांगू, महिन्याभरात ती पोरं माझ्या पायरीवर चपला ओळीनं लावायला लागली. मी वर्षानुवर्षं ओरडत होते, तेव्हा एकानं लावल्या नव्हत्या.

दुसरी खोड शिट्टीची. काम करता करता ती शिट्टी वाजवायची, एकदम मोकळी, गवळ्यासारखी. माझ्या दुकानात आलेल्या बायका पदराआडून एकमेकींकडे बघायच्या. एक दिवस मीच म्हटलं, "अगं, बाईच्या जातीनं शिट्टी वाजवू नये म्हणतात." ती खूश झाली. "हितं पण? माझी आजी म्हणायची, सांजेला शिट्टी वाजवली की साप येतो. मी लहानपणी रोज वाजवायची. वाट बघत बसायची." "मग?" "एकदा पण आला न्हाई, मेला." ते 'मेला' हौसाबाईचं होतं.

शनिवारी अर्धी शाळा सुटली की पोरं माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर जमायची. खाऊ असायचा, पण तिच्या कोबीच्या आंबट लोणच्याला पोरं नाकं मुरडायची आणि ती मात्र आमचा मिरचीचा ठेचा नुसता, भाकरीशिवाय, डोळ्यांतून पाणी काढत खायची. मग काम सुरू व्हायचं. ती प्रत्येकाला विचारायची, "तुमी कशाला भिता?" पोरं तयारच असायची. हडळ. मुंजा. साप. विहिरीतलं भूत. "छान," ती म्हणायची. "ती भीती मला द्या, माझ्या कामाची हाय. आता दुसरी सांगा."

ही दुसरी भीती काढणं हेच तिचं खरं कौशल्य. पहिली भीती पोरं मिरवायला सांगतात, आणि दुसरी जिभेवर येतच नाही. ती घाई करायची नाही. शिट्टी वाजवत, पेन्सिल तासत बसायची. ओंकारची दुसरी भीती निघाली त्याच्या छातीची. घरात आजा फौजी, बाप फौजी, आणि ह्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. भरतीत छाती कमी भरली तर? चौथीतलं पोर ह्या चिंतेनं झोपत नव्हतं. मंजूनं त्याची गोष्ट केली, चंद्रावरच्या पलटणीची. यान बिघडतं आणि अरुंद नळीतून फक्त बारकाच शिपाई जाऊ शकतो. ओंकार फाडकन म्हणाला, "भरतीत नळी नसते, ताई. टेप असतो." दुसऱ्या कुणी समजूत घातली असती. तिनं कागद उलटा केला. "मग शेवट तुमी सांगा." ओंकारनं सांगितलं, "भरतीत नाही घेतलं. घरी आला. बापानं आपल्या बशीतला चहा त्याला दिला." तिनं तसाच लिहिला. तिचा नियमच होता: भीती ज्याची, शेवट त्याचा. त्यात ती कुणाची ढवळाढवळ चालू देत नसे, स्वतःचीसुद्धा.

ह्या नियमानंच पुढं सगळं गाव हलवलं.

पूनम नववीत होती. सुभेदारांची मुलगी. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन ऊस करायचे, कडक पण सरळ माणूस. त्यांच्या वस्तीवरून शाळेला यायची वाट उसातून होती, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. पूनम पायरीच्या कडेला बसायची, कधी बोलायची नाही. मंजूनं विचारलं तेव्हा म्हणाली, "उसातल्या बिबट्याला भिते." आमच्याकडे ती भीतीही काही खोटी नाही. मंजूनं ती घेतली. "आता दुसरी."

पूनमनं उत्तर द्यायला तीन-चार शनिवार घेतले. मग एका शनिवारी बाकीची पोरं गेल्यावर माझ्यासमोरच म्हणाली, "उसात पोरं बसतात. आम्ही चाललो की शिट्ट्या मारतात. घाण बोलतात. एकदा ओढणी ओढली."

"शिट्टीला भिता?" मंजूनं विचारलं.

"नाही. घरी कळायला भिते. सरपंचवाडीच्या पायलनं घरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. आता तिचं लग्न ठरलंय."

मी मशीन बंद केलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या बायकांना ठाऊक होतं, आम्हीही त्याच वाटेनं मोठ्या झालो. शाळेच्या भिंतीवर मुलींसाठी मदतीचा फोन नंबर ठळक रंगवलेला होता आणि एकाही पोरीकडे फोन नव्हता. शिट्ट्या मारणारे कोण हेही गावाला माहीत होतं, त्यातला एक तर सुभेदारांच्या चुलतभावाचा. पण बोलायचं कुणी? बोलली की पोरगी घरात. म्हणून सगळ्या पोरी गुमान चालायच्या.

मंजूनं गोष्ट लिहिली, 'बिनदाराचं घर'. भुताची गोष्ट. एका गावात उसातून शिट्टी येते आणि ती फक्त मुलींना ऐकू येते. जी मुलगी घरी सांगते, ती सकाळी उठते तर तिच्या घराचं दार नाहीसं झालेलं. बाकीचे सगळे आत-बाहेर करतात, चहा पितात, तिला विचारतात, अगं बसलीस का? तिलाच फक्त भिंत दिसते. ही गोष्ट मीच टाइप केली. शेवट कोरा होता. तो पूनमचा.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन. हेडसरांनी मंजूला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं, परदेशी लेखिका म्हणून बॅनरही लावला. गोष्ट वाचून दाखवा म्हणाले, आणि आधी बघायला मागितली. दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात हजर. "ताई, लेखन उत्तम. एवढी शिट्टी काढा. तिथं बिबट्या घाला. वनखातं येतं, बिबट्या पकडतं, सगळे टाळ्या वाजवतात. कसं? नाहीतर गावाची बदनामी होईल."

मंजू म्हणाली, "आणि बिबट्याची बदनामी चालती व्हय?"

हेडसर हसले, ती हसली नाही. "बिबट्या वाचत न्हाई, म्हणून त्याच्यावर ढकलायचं? बदल व्हनार न्हाई, सर. भीती माझी न्हाई. जिची हाय तिला विचारीन."

हेडसर गेल्यावर मी तिला चांगलं झापलं. का झापू नये? म्हटलं, "मंजू, तुझं धाडस मला कळतं. पण तू उद्या विमानात बसून जाशील. पोरगी इथं राहणार. गोष्ट वाचली, बापाला समजलं, आणि हिची शाळा सुटली, तर तू काय करणार आहेस? दुसरी गोष्ट लिहिणार?"

तिचा चेहरा लाल झाला. ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती, त्या दिवशी ओरडली. "म्हणून तर मी तिला विचारती, आक्का! तुमी सगळे तिला राखता. हेडसर राखतात, बाप राखतो, तुमी राखता. तिला कोण विचारतंय?" मला राग आला, आणि ती खरं बोलत होती म्हणून जास्तच आला.

तिनं पूनमला विचारलं. अगदी सरळ, मोठ्या माणसाला विचारावं तसं. "वाचू नका म्हनालात, तर फाडून टाकती. वाचा म्हनालात, तर शाळा जायची भीती हाय. खोटं सांगनार न्हाई. ठरवा." पूनम दोन दिवसांनी आली आणि म्हणाली, "तुम्ही वाचू नका. मी वाचते."

स्नेहसंमेलनात नारळ झाला, शाल झाली, भाषणं झाली. मंजू माईकपाशी गेली, दोन वाक्यं बोलली आणि म्हणाली, "माझी वेळ मी पूनमताईंना देती." मांडवात खसखस पिकली, नववीतल्या पोरीला ताई म्हणाली म्हणून. पूनम वर आली आणि वाचायला लागली. आधी पोरं कुजबुजत होती. मग मुलींच्या बाजूचा आवाज बंद झाला. मग बायकांचा. पुरुषांच्या रांगेत कुणी चुळबुळ करेना. सुभेदार पहिल्या रांगेत, ताठ, हात गुडघ्यांवर. ती त्या भिंतीपर्यंत आली आणि थांबली. कागद खाली घेतला. "पुढचं लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "शेवट माझा होता. तो मी आबांना दिलाय. आबांनी सांगायचा."

तिनं कागदाची घडी घातली. पण नजर बापावरून हलली नाही. बाई गं, काय पोरगी ती! हेडसरांनी धावत येऊन माईक घेतला आणि लेझीमचं पथक पुकारलं. सुभेदार उठले, पूनमच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला घेऊन मांडवातून बाहेर पडले.

त्यानंतर पूनम शाळेत आली नाही.

आठवडा गेला. मंजू पायरीवर बसायची, पण शिट्टी बंद. लोक मला ऐकवून जायचे, घ्या, झालं समाधान तुमच्या बाईचं? मी त्यांना एकच विचारायचे, पायलची शाळा सुटली तेव्हा तुमचं समाधान कुठं गेलं होतं? शेवटी मंजू म्हणाली, "चला, आक्का, सुभेदारांकडं." मी गेले. ती तिथं काय बोलेल ह्याचीच मला धास्ती होती.

सुभेदारांनी खुर्च्या दिल्या. चहा आला. मंजूनं कपबशी दोन्ही हातांनी घेतली आणि विचारलं, "तुमचं वय किती हाय?" मी कपाळावर हात मारला.

सुभेदार फौजी माणूस, विचारलं तर उत्तर द्यायची सवय. "अठ्ठेचाळीस."

"मी पन्नास. म्हंजे मी थोरली. थोरलीनं विचारलं तर राग धरायचा न्हाई. पूनम शाळेत का येत न्हाईत?"

"ताई, मी पोरीला हात लावला न्हाई," सुभेदार म्हणाले. "कोंडली न्हाई. ती बघा समोर बसलीया. भाईर दिवस वाईट हायत. दहावीचा फॉर्म भाईरनं भरू. काळजी न्हाई व्हय बापाला? दार तर उघडंच हाय की."

मंजू उठली. दाराशी गेली, चौकटीवरून हात फिरवला, इकडून तिकडं, आणि वळली. "कुठं हाय दार? मला दिसत न्हाई."

सुभेदारांनी कप खाली ठेवला.

"पूनम, तुम्हाला दिसतंय?"

पूनम म्हणाली, "न्हाई."

आम्ही चहा संपवला आणि निघालो. मंजू एक शब्द जास्त बोलली नाही. वाटेत मला म्हणाली, "आक्का, मला बी भ्या वाटलं." तिनं माझा हात धरला तो दुकान येईपर्यंत सोडला नाही.

दोन दिवसांनी सकाळी हौसाबाई पळत आली. सुभेदार ऊस तोडतायत! साखर कारखान्याची तोड यायला अजून बराच अवकाश होता. तोडीआधी उभा ऊस पाडणाऱ्याला आमच्याकडे खुळा म्हणतात. सुभेदार कोयता घेऊन वाटेच्या कडेचा आपला ऊस सपासप पाडत होते. पार आत, कुणी बसलं तर लांबून दिसेल इतका मोकळा पट्टा. गुरांना वैरण म्हणून जो मागेल त्याला देत होते. पलीकडची बाजू चुलतभावाची. त्याला निरोप धाडला होता, "तुझी बाजू तू तोड, न्हाईतर मी येतो. आणि पोराला सांग, शिट्टी वाजवायची असंल तर माझ्यासमोर वाजव." संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पूनम शाळेला आली, एकटी. सुभेदार दुकानात येऊन म्हणाले, "त्या ताईंना सांगा, शेवट केला."

मी आनंदानं रडायचीच बाकी होते. आणि ही बाई काय म्हणाली? "चांगला हाय. पन हा शेवट न्हाई. ऊस परत फुटतो."

सुभेदारांच्या कानावर गेलं तसे ते तिच्यापुढंच येऊन भडकले. "मग दर साली तोडत बसू का?"

"म्हणून आता पूनमला विचारा," ती म्हणाली.

पूनमनं पुष्कळ विचार केला. मग एका शनिवारी म्हणाली, "ताई, मला शिट्टी शिकवा." त्या महिन्यात माझ्या दुकानासमोर जो काय गोंधळ झाला! पोरी तोंडात दोन बोटं घालून फुंकतायत, थुंकी उडतीय, कपाळावर आठ्या घातलेल्या आया लांबून बघतायत. आणि गोष्टीला शेवट मिळाला. गोष्टीत बाप ऊस तोडतो, पण तो परत फुटतो, मग बिनदाराच्या घरातली मुलगी अंधारात शिट्टी वाजवते. दुसऱ्या घरातून दुसरी मुलगी उत्तर देते, मग तिसरी. आवाज जिकडून येतो तिकडं हात लावत जावं, तर भिंत संपते आणि कडी लागते.

पुस्तक सांगलीत छापलं. छापणारे अण्णा, शांत स्वभावाचे जैन गृहस्थ, चष्म्यावरून बघत म्हणाले, "बापानं ऊस तोडला तिथंच संपवा की हो. तिथं शेवट फार गोड होतोय. पोरी शिट्ट्या मारतात म्हटल्यावर शाळा घेणार नाहीत." मंजू म्हणाली, "शाळांनी नगा घेऊ. पोरं घेतील." शाळांनी खरंच घेतलं नाही. पोरींनी मात्र माझ्याच मशीनवर त्याच्या झेरॉक्स काढून कराडपर्यंत पोचवल्या. मी रागावून मंजूला सांगितलं, तुझं पुस्तक फुकट पळवतायत. तिला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

नवऱ्याचा करार संपला. गणपती झाल्यावर ती निघाली. सकाळी विमानतळाकडे जाणारी गाडी दारात आली, आणि ती ड्रायव्हरला म्हणाली, "आधी वस्तीच्या वाटेनं." मी गाडीत होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाचा खोडवा फुटून माणसाच्या वर गेला होता, परत तसाच गच्च. कडेला सुभेदार उभे होते, निरोप द्यायला. पूनम कुठं दिसेना.

गाडी थांबली आणि उसातून शिट्टी आली.

ड्रायव्हर दचकला. मग दुसरी आली, डावीकडून. तिसरी पार आतून. मग इतक्या, की सगळा फड वाजायला लागला. एकही पोरगी दिसत नव्हती. मंजू खाली उतरली. टोपी काढली, तोंडात दोन बोटं घातली आणि अशी सणसणीत शिट्टी दिली की बांधावरचे बगळे उडाले.

सुभेदार बावरून पुढं झाले. "पूनम, लय आत जाऊ नगं. उसात बिबट्या असतो गं!"

आतून आवाज आला, "असू द्या की, आबा!"

मंजू जी हसायला लागली ती गाडीत बसेपर्यंत हसत होती. काच खाली करून तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाली, "ऐकलं का, आक्का? आता नुसती पहिलीच भीती उरली."